टू-स्ट्रोक मायक्रोलाइट, आठवड्याचा दौरा आणि ऑइलच्या बाटल्या

वाऱ्यावरची

या फोरमवर बोइंग झालं, राफेल झालं, चांद्रयानही झालं. आता जरा ट्रेलरवर मावणाऱ्या विमानाबद्दल.

मी इंग्लंडात, लेस्टरला राहते. तीन वर्षांपूर्वी पेगासस क्वांटम नावाचं एक सेकंडहँड मायक्रोलाइट घेतलं. तीन चाकं, पुढेमागे दोन खुर्च्या, डोक्यावर कापडी पंख आणि पाठीमागे प्रोपेलर. आई याला "उडती रिक्षा" म्हणते आणि ते बरोबरच आहे. इंजिन रोटॅक्स ५०३, म्हणजे दोन सिलिंडर, ४९७ सीसी, हवेवर थंड होणारं, सुमारे ५० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक. ऑइल पंप नाही. पेट्रोलमध्ये ५०:१ (५० भाग पेट्रोलला १ भाग) ऑइल आपणच मिसळून टाकीत ओतायचं.

घरच्या धावपट्टीवर त्रास काहीच नाही. २० लिटरचा पत्र्याचा कॅन, ४०० मिली ऑइल, घुसळा, ओता. पण जूनमध्ये एकटीने स्कॉटलंडला जायचा बेत आहे. लेस्टर, यॉर्कजवळचं रफर्थ, नॉर्थंबरलंडमधलं एशॉट, एडिंबराच्या अलीकडचं ईस्ट फॉर्च्यून आणि तिथून पश्चिमेला ओबान. जायचेच ५७५ किलोमीटर. वारा समोरून धरला तर आठ तास, येऊन-जाऊन सोळा. तासाला १४ लिटर धरले तर सव्वादोनशे लिटर पेट्रोल आणि साडेचार लिटर ऑइल! पेट्रोल वाटेत मिळेल. ऑइल कुठे ठेवू? आणि दर मुक्कामाला कशात, कसं मिसळू? काही ठिकाणी धावपट्टीपासून पंपापर्यंत कॅन घेऊन चालावं लागेल. इथे प्लास्टिकचा कॅन १० लिटरपर्यंतच भरून देतात, पत्र्याचा २० पर्यंत.

कुणी केलंय का असं काही? पॅरामोटरवालेही (पाठीवर इंजिन बांधून पॅराग्लायडर उडवणारे) चालतील.

फक्त_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. बाळबोध प्रश्न विचारू का? कारमध्ये ऑइल इंजिनात असतं आणि वर्षाने बदलतात. इथे पेट्रोलमध्येच का घालायचं?

जुना_मिस्त्री

बाळबोध नाही, गॅरेजात रोज कोणीतरी विचारायचं. फोर-स्ट्रोकला खाली ऑइलची परात असते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत येतं, मग वर सिलिंडरात जातं. खालची जागा त्याच्या वाटेवरच, तिथे ऑइल भरून ठेवायचं कसं? म्हणून येणाऱ्या पेट्रोलसोबत ऑइल येतं, बेअरिंगला, पिस्टनला लागतं आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून निघून जातं. निळा धूर तो.

कोल्हापुरात मी २६ वर्षं चेतक, राजदूत, लूना उघडल्या. पंपावर पेट्रोलच्या मशीनशेजारी टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइलचं, हँडलवालं यंत्र असायचं. पोरगं विचारायचं, "काका, ऑइल किती मारू?" लोक पेट्रोलचे पैसे मोजून द्यायचे आणि ऑइलला कंजुषी करायचे. मग पिस्टन घेऊन माझ्याकडे.

ताई, माझा सल्ला सरळ आहे. शंका आली की एक झाकण जास्तच टाका. जास्त ऑइलने इंजिन मेलेलं मी पाहिलं नाही.

पवनाकाठी

मी कामशेतला पॅरामोटर उडवतो. आपलं इंजिन क्वांटमच्या निम्मंही नाही, पण रडगाणं तेच.

प्रमाण कधी चुकत नाही. ४८:१ झालं काय, ५२:१ झालं काय, इंजिनाला कळतही नाही. चुकतं ते वेगळंच. २०१६ च्या डिसेंबरची गोष्ट. सकाळी सात, छान गार हवा, मी आणि मित्र. कॅन त्याने आणला होता. मला वाटलं त्याने मिसळलंय, त्याला वाटलं मी मिसळणार. मी टाकी भरली, उडालो. आधीच्या उड्डाणाचं ऑइल आत चोपडलेलं होतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं झकास. मग आवाज बदलला. म्हणजे कसा सांगू, आवळल्यासारखा, कोरडा झाला. मी हात सैल करेपर्यंत खट्. प्रोपेलर उभा. शांतता!

डोक्यावर पंख उघडाच असतो, त्यामुळे घसरत येऊन कापलेल्या भाताच्या खाचरात उतरलो. पाय मुरगळला, बाकी काही नाही. सिलिंडर काढला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि रिंग खोबणीत चिकटलेली.

त्यानंतरचे माझे दोन नियम. दौऱ्यावर माप न्यायचंच नाही. घरीच २०० मिलीच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या भरायच्या. एक बाटली म्हणजे एक १० लिटरचा कॅन. धावपट्टीवर भागाकार करायचा नाही. दुसरा नियम, ऑइल पडलं की त्याच क्षणी कॅनच्या कानाला लाल चिंधी. चिंधी नाही तर कॅन कोरडा समजायचा. चिंधी टाकी भरल्यावर सुटते, आधी नाही. आणि मिसळणारा एकच माणूस. "तू टाकलंस का?" हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये बंद आहे.

कोलंबसकर

मिस्त्रीकाका, चेतकची आठवण काढून रडवलंत.

मी ओहायोत. इथे एफएआर (सरकारी विमान नियमावली) पार्ट १०३ चा नियम आहे, १९८२ पासूनचा. एकाच माणसाचं, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी आणि पेट्रोल जास्तीत जास्त ५ गॅलन, तर लायसन्सची गरज नाही. म्हणून आमचे सगळे कॅन ५ गॅलनचे आणि ५०:१ ला १२.८ औंस ऑइल. हा आकडा इकडच्या प्रत्येकाला तोंडपाठ.

पण ताई, तुम्ही इंग्लंडात आहात म्हणून सांगतो. अमेरिकन व्हिडिओ बघून औंस मोजू नका. आमचे ५ गॅलन म्हणजे १८.९ लिटर, तुमचे जुने इंग्लिश ५ गॅलन २२.७. तुमच्या जुन्या कॅनमध्ये आमचे १२.८ औंस ओतले तर प्रमाण थेट ६०:१ वर जातं. लिटरला २० मिली, बास. गॅलनचं नावच काढू नका.

रसायनवाला

मिस्त्रीकाकांशी आदरपूर्वक मतभेद. जास्त ऑइलने लगेच काही होत नाही हे खरं, पण "जास्त म्हणजे सुरक्षित" हे अर्धंच खरं आहे.

कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे इंधनाच्या बारीक भोकातून, मिनिटाला ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं. म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, मिश्रण लीन, सिलिंडर जास्त गरम. लोक उलटं समजतात, ऑइल वाढवलं की मिश्रण "रिच" झालं म्हणतात. ५०:१ चं ४० केलंत तर फरक अर्ध्या टक्क्याचा, सोडून द्या. पण दर वेळी अंदाजाने दोन झाकणं वाढवत गेलात की प्लग काजळतो, रिंग कार्बनने बसते, एक्झॉस्ट पोर्ट अरुंद होतो.

खरी लीनची भीती इथेनॉलची. पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. भारतात आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) आहे. त्याच जेटने ते वापरलं तर मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. कारचा कंप्युटर ते सावरून घेतो. पॅरामोटरच्या कार्ब्युरेटरला कंप्युटर कुठला? तो तुमच्या कानात असतो. पवनाकाठी, तुम्ही डिसेंबरची गार सकाळ म्हणालात. गार हवा दाट असते, म्हणजे आणखी लीन. मे महिन्यात बसवलेला जेट डिसेंबरला धोक्याचा ठरू शकतो.

धागाकर्तीच्या इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे, महागडं सुपर ई-५. तुम्ही सुपरच घ्या. शंका असेल तर मापनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा, ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेली तर ई-१०, २८ ला गेली तर ई-२०. ऑइल मिसळायच्या आधी करा हे, आणि नळीतलं पेट्रोल परत कॅनमध्ये ओतू नका.

जुना_मिस्त्री

रसायनवाले, जेटचं पटलं. पण माझं म्हणणं शंकेपुरतंच होतं. टाकलंय की नाही आठवत नसेल तर एक बाटली आणखी टाकलेली परवडली. जास्तीत जास्त २५:१ होईल. धूर होईल, प्लग ओला होईल. नाही टाकलं तर पिस्टन जाईल.

वाऱ्यावरची

किती भराभर उत्तरं! पवनाकाठी, लाल चिंधी ताबडतोब अमलात. पण एक दुरुस्ती. माझा प्रोपेलर पाठीमागे आहे. विमानातून काहीही सुटलं, हातमोजा, टोपी, बाटलीचं झाकण, की सरळ पात्यात. त्यामुळे चिंधी उडायच्या आधी चेनच्या खिशात जाते, आणि बाटल्या मागच्या सीटवर चेनच्या पिशवीत, वर दोन पट्टे.

सुपरचं लक्षात ठेवते. विमानतळांवर एव्हगॅस १००एलएल (विमानांचं पेट्रोल) मिळेल, त्यात इथेनॉल नसतं. पण शिसं असतं. ते चालतं का टू-स्ट्रोकला?

रसायनवाला

चालतं. शिशाचे थर प्लगवर आणि रिंगच्या खोबणीत बसतात, म्हणून रोजचं जेवण नको. दौऱ्यात दोनचार टाक्या गेल्या तर नंतर प्लग बदला आणि विसरा. ऑइल तेवढंच, ५०:१. एव्हगॅसमध्ये शिसं आहे म्हणून ऑइल कमी लागतं असं सांगणारा कोणी भेटला तर हसून पुढे जा. ते शिसं ऑक्टेन वाढवायला असतं, पिस्टनला वंगण म्हणून नाही.

आणखी एक. ई-१० अंदाजे अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं, म्हणजे १० लिटरमध्ये ५० मिली. त्यापेक्षा वाढलं, किंवा काठावर असताना थंडी पडली, की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आणि टाकीचा नळ कुठून ओढतो? तळातून. म्हणजे इंजिनात जाणार पाणी, दारू आणि शून्य ऑइल. रात्रभर दवात उभं राहिलेलं विमान असेल तर सकाळी तळाचं थोडं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात बघितल्याशिवाय उडू नका.

फक्त_वाचक

दारू पिऊन उडणारं विमान! (हलके घ्या.)

कोलंबसकर

मिसळायची पद्धत कोणी लिहिली नाही म्हणून. अर्धं पेट्रोल कॅनमध्ये, मग ऑइल, झाकण लावून चांगलं घुसळायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा घुसळायचं. बाटलीत चिकटलेलं ऑइल थोड्या पेट्रोलने खळखळून तेही आत. कॅन भरताना जमिनीवर, गाडीच्या डिकीत नाही. कोरड्या हवेत स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

विमानाच्या टाकीत थेट ऑइल ओतून "हवेत हलेल आणि मिसळेल" म्हणणारा एक महाभाग आमच्याकडे होता. ऑइल तळाला जाऊन बसलं, नळाच्या तोंडाशीच. जमिनीवरच इंजिन धूर ओकून बंद पडलं, नशीब त्याचं. ते आधी संपून मग नुसतं पेट्रोल आलं असतं तर हवेत असता.

पवनाकाठी

+१. मिसळलेलं पेट्रोल मी दोन आठवड्यांच्या वर ठेवत नाही. उरलं तर गवत कापायच्या मशीनला.

ताई, साडेचार लिटर ऑइल सगळं न्यायची गरज नाही. वाटेत टू-स्ट्रोक उडवणारे क्लब आहेत ना? फोन करून ठेवा, त्यांच्याकडे असतंच. फक्त दर्जा विचारा, एपीआय टीसी. ब्रँड कुठलाही असू दे.

कोलंबसकर

आणि ओबान बंदराचं गाव आहे ना? तिथल्या दुकानात टू-स्ट्रोक ऑइल भरपूर मिळेल, पण बाटली उलटून वाचा. "टीसी-डब्ल्यू ३" लिहिलं असेल तर परत ठेवा. ते बोटींच्या इंजिनांसाठी. ती समुद्राच्या गार पाण्यावर थंड होतात. तुमचं हवेवर थंड होणारं सिलिंडर त्यापेक्षा खूपच तापतं, तिथे ते ऑइल टिकत नाही. अडीअडचणीला माझ्या मित्राने वापरलं, रिंगा चिकटल्या.

जुना_मिस्त्री

एक गोष्ट राहिली. ऑइल पेट्रोलबरोबर येतं, म्हणजे थ्रॉटल बंद तर ऑइल बंद. पूर्वी कात्रज उतरताना चेतकवाले पेट्रोल वाचवायला गिअरमध्येच थ्रॉटल सोडून द्यायचे. इंजिन जोरात फिरतंय, ऑइल मिळत नाही. खाली आले की पिस्टन जाम. तुमच्या विमानाचंही उंचावरून उतरताना असंच होत असणार.

वाऱ्यावरची

काका, नमस्कार घ्या! हे माझ्या इन्स्ट्रक्टरने पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि इथे लिहायचं मी विसरले. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवत नाही. थोडा उघडा ठेवते, मधूनमधून हलका झटका देते. ५०३ ला एक्झॉस्टचं तापमान ६५० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, माझी सुई ६०० च्या आसपास राहते. उडायच्या आधी तापवायलाही वेळ देते. ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो, गार इंजिनाला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की ऑइल असूनही पकडतो.

तर ठरलं असं. १४ बाटल्या बरोबर, म्हणजे १४० लिटरची सोय. ईस्ट फॉर्च्यूनच्या पुढचं ऑइल तिथे फोन करून सांगितलंय. निघते ९ तारखेला.

फक्त_वाचक

शुभेच्छा! फोटो टाका. रिक्षाचे.

वाऱ्यावरची

आले परत. ओबान झालं नाही.

एशॉटला उत्तर समुद्रावरून धुकं आत आलं, स्कॉटिश लोक त्याला "हार" म्हणतात. दोन दिवस तंबूत बसून धुक्याशी हरले. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडलं, किनाऱ्याने ईस्ट फॉर्च्यून गाठलं. शेजारच्या विमान संग्रहालयात कॉन्कॉर्ड आहे. माझं हेल्मेट हातात घेऊन तिच्या पोटाखाली उभी राहिले. तिला ऑइल मिसळावं लागत नव्हतं एवढंच मनात आलं. पश्चिमेला ढग डोंगरांना टेकलेले होते, म्हणून तिथूनच परत फिरले.

इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. पण तुम्हाला सांगण्यासारखं घडलं ते येताना, रफर्थला. कॅन भरून आणला, घुसळत होते, तेवढ्यात एक आजोबा गप्पा मारायला आले. भारतात कुठल्या, विमान कधी घेतलं, सगळं. ते बाजूला झाल्यावर बघते तर कॅनला चिंधी आहे. पण मी रिकाम्या बाटल्याही मोजून ठेवत होते, कॅनगणिक एक. आणि एक कमी! चिंधी म्हणते टाकलंय, बाटल्या म्हणतात नाही. पेट्रोल कॅनमध्ये, रंगावरून काही कळेना. नाकालाही कळेना.

मिस्त्रीकाका, तुमचं वाक्य आठवलं, आणखी एक बाटली टाक. हातात घेतलीही होती. पण डोकं चालेना, आणि अजून दीड तास उडायचं होतं. आजोबांना विचारलं. त्यांनी हसत हसत ते दहा लिटर त्यांच्या जुन्या लँड रोव्हरमध्ये ओतून घेतलं. मी पुन्हा पंपावर चालत गेले, दोन किलोमीटर, आणि नवा कॅन भरला. या वेळी गप्पा नाहीत.

जुना_मिस्त्री

मी टाकली असती एक बाटली. पण उडणार तुम्ही होता, मी नाही. बरोबर केलंत. कमी पडलेली बाटली सापडली का?

वाऱ्यावरची

सापडली. घरी फ्लाइंग सूट धुवायला काढला तेव्हा, डाव्या बाहीच्या खिशात. रिकामी.

पवनाकाठी

म्हणजे मिसळलेलंच होतं! दहा लिटर सुपर गेलं.

वाऱ्यावरची

गेलं. आणि लँड रोव्हर निळा धूर सोडत गेली असणार, बिचारे आजोबा.

जुना_मिस्त्री

ते जाऊ दे. प्लग काढून फोटो टाका दोन्ही सिलिंडरचे. रंग बघू.

वाऱ्यावरची

शनिवारी टाकते. पुढचा कॉफीच्या रंगाचा आहे, मागचा थोडा काळपट वाटतोय.